निरोप वाहणारी माणसे

वर्धा जिल्ह्यात सिंदी नावाची दोन गावे आहेत. एक आमची सिंदी मेघे, वर्धा शहराला अगदी लागून असलेली. दुसरी सिंदी रेल्वे, सेलू तालुक्यातली, वर्ध्याहून नागपूरला जाताना लागणारी, तान्ह्या पोळ्यासाठी नावाजलेली. पार्सल घेऊन निघालेल्या पोराचा फोन आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काकाजी, सिंदी कोणती जी? मेघे का रेल्वे?" आपण सांगतो, तो गाडी वळवतो आणि विषय संपतो. या प्रश्नात समाजाचा मोठा इतिहास साठलेला आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

इथल्या जुन्या माणसांच्या तोंडी नुसते 'सिंदी' असते. 'मेघे' हे जोडनाव त्यांना आपसांत बोलताना लागत नाही. शेजारच्या सावंगीचे, बोरगावचे, पिपरीचे तेच. त्यांच्यामागेही 'मेघे' लागते, पण ते कागदावर, पाटीवर, पत्त्यात. जोडनावाची गरज पडते ती बाहेरून काही घेऊन येणाऱ्याला. गाव आपले नाव स्वतः ठेवते हे खरे. पण त्या नावाचे पूर्ण रूप ठरते ते निरोप आणणाऱ्याच्या अडचणीतून. टपालवाला चुकू नये, तिकीट चुकीचे निघू नये, मनीऑर्डर भलत्याच गावी जाऊ नये, म्हणून एका सिंदीला रेल्वे चिकटली आणि एकीला मेघे.

वर्धा शहराचीही हीच कथा. १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला, तेव्हा जिल्ह्याचे ठाणे पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ मध्ये ते पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी आणले गेले आणि तिथे नवे शहर आखले गेले. मुंबईहून नागपूरकडे येणारी रेल्वे त्याच सुमारास या मुलखात पोचत होती. कापसाच्या गाठी, सरकारी कागद आणि माणसे ज्या वाटेने जाणार, तिथे शहर वसले. पालकवाडी हे नाव मागे पडले. दळणवळणाची एक रेघ नकाशावर ओढली गेली आणि तिच्यापाठोपाठ बाजार, कचेऱ्या, शाळा, वकील, छापखाने आले. साधन समाजाला घडवते ते असे. समाजही साधनाला वाकवतो, आणि ते कसे, हे पाहायला आम्हाला सिंदीहून फार लांब जावे लागत नाही.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीतून पायी सेगावला राहायला गेले. जमनालाल बजाजांच्या मालगुजारीतले ते खेडे. रस्ता धड नव्हता, टपाल नव्हते. ज्या माणसाला जगभरातून पत्रे येत होती, त्याने मुद्दाम टपाल न पोचणारे गाव निवडले. देशाशी बोलायचे तर देश जिथे राहतो तिथून बोलायचे, असा तो निर्णय होता. त्या दिवसांत सत्तेची सगळी साधने शहराकडून खेड्याकडे एकाच दिशेने वाहत होती. हुकूम वरून खाली जाई आणि वसुली खालून वर. गांधीजींनी एका कुडाच्या झोपडीत बसून तो प्रवाह फिरवला. मोठमोठ्या माणसांना वर्ध्याच्या स्टेशनावर उतरून, बैलगाडीत बसून, सेगावची वाट विचारत जावे लागले. टपाल त्यांच्यामागे आले. टेलिफोनही आला; व्हाइसरॉय लिनलिथगो यांना थेट संपर्क साधता यावा म्हणून बसवलेला तो टेलिफोन आजही सेवाग्राम आश्रमात जपून ठेवलेला आहे. ती पेटी पाहताना मला दरवेळी वाटते, साम्राज्याला एका झोपडीपर्यंत तार ओढत यावे लागले, हेच त्या काळाचे सार आहे.

पण तार येण्याआधी काय होते? तार येण्याआधी गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई होते. गांधीजी सेगावला गेले, पण महादेवभाईंचे बिऱ्हाड मगनवाडीतच राहिले. त्यामुळे रोज टपाल, वर्तमानपत्रे, मसुदे घेऊन ते मगनवाडीतून सेगावला चालत जात आणि संध्याकाळी चालत परत येत. जाऊन-येऊन दहा-अकरा मैल. ज्याने वर्ध्याचा मे महिना अनुभवला आहे त्याला हे अंतर मैलांत सांगावे लागत नाही. इथले ऊन भल्याभल्यांना आडवे करते. त्या उन्हात, हातात पत्रांची थैली घेऊन, एक विद्वान, वकिलीची पदवी घेतलेला, रवींद्रनाथांचे साहित्य गुजरातीत आणणारा माणूस निरोप्याचे काम करत होता, आणि ते काम त्याला हलके वाटत नव्हते. वाटेत पत्रांचा विचार होई. कोणते पत्र आधी दाखवायचे, कोणत्याला आपणच उत्तर द्यायचे, कोणत्या माणसाच्या शब्दांमागे दुःख आहे, हे त्या चालण्यात ठरत असावे. पुढे १९३८ मध्ये त्यांची प्रकृती खालावली. १५ ऑगस्ट १९४२ रोजी आगाखान पॅलेसच्या बंदिवासात ते गेले. गांधीजींच्या समग्र वाङ्मयाचे इंग्रजीतले शंभर खंड आज आपण पाहतो; त्यातला मोठा भाग पत्रांचा आहे. त्या खंडांवर नाव गांधीजींचे आहे, पण त्यातल्या कितीतरी पानांना महादेवभाईंच्या पायांची धूळ लागलेली आहे.

सेगावचे नावही निरोपानेच बदलले. मुंबई-नागपूर याच रेल्वेमार्गावर बुलढाणा जिल्ह्यात शेगाव आहे, गजानन महाराजांचे. सेगावची पत्रे शेगावला जात आणि तिथून फिरून येत. शेवटी मार्च १९४० मध्ये सेगावचे सेवाग्राम झाले. एका ध्येयवादी आश्रमाने विचारपूर्वक धारण केलेले नाव म्हणून आपण ते ऐकतो. आणि ते तसे आहेही. पण त्याच्या मुळाशी टपालातला गोंधळ आहे, हे कळले म्हणून त्या नावाचे मोल कमी होत नाही. अडचण टपालाची होती, उत्तर मात्र समाजाने आपल्या मूल्यांतून शोधले. नुसता फरक करायचा असता तर 'सेगाव वर्धा' एवढे पुरले असते. त्या माणसांनी पत्त्यातच आपण इथे कशासाठी आलो आहोत ते लिहिले. नंतर वर्धा ईस्ट हे रेल्वे जंक्शनही सेवाग्राम झाले. आज या नावाचे तिकीट काढणारा प्रत्येक प्रवासी नकळत ते ध्येय उच्चारतो.

असे गोंधळ देशभर होते. एकाच नावाची शेकडो गावे, वेगवेगळ्या लिप्या, अर्धवट पत्ते. त्यावर १५ ऑगस्ट १९७२ पासून जो उपाय लागू झाला तो पिनकोड, आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले कोकणातले, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि त्याचबरोबर नावाजलेले संस्कृत कवी. सहा आकड्यांत त्यांनी सारा देश मांडला. वर्धा ४४२००१, सेवाग्राम ४४२१०२. वाचता न येणाऱ्या लिपीतली चिठ्ठीही आता आकड्यांच्या आधाराने वाट काढू लागली. वृत्तांचे नियम जाणणाऱ्या कवीने ही मांडणी करावी याचे मला नवल वाटत नाही. कमीत कमी जागेत नेमका अर्थ बसवणे हे दोन्हीकडचे काम. शिवाय पत्र योग्य दारी पोचावे ही तळमळ कवीला नाही तर कोणाला असणार?

इथपर्यंतची गोष्ट ऐकायला चांगली वाटते. पण निरोप वाहण्याच्या कामाला आपल्या समाजात एक काळी बाजूही आहे, आणि ती वगळून या विषयावर बोलणे अप्रामाणिक होईल. महाराष्ट्राच्या गावगाड्यात निरोप पोचवणे हे पिढ्यान्‌पिढ्या महारांच्या माथी मारलेले काम होते. सरकारी कागद पुढच्या गावी नेणे, सारा घेऊन जाणाऱ्याबरोबर चालणे आणि सगळ्यात जड म्हणजे मयताची खबर नातेवाइकांच्या गावी पोचवणे. रात्र असो, पाऊस असो, नाही म्हणायची सोय नव्हती. ज्याच्या तोंडून आपल्या माणसाच्या मरणाची बातमी ऐकायची, त्याला अंगणाच्या बाहेर उभे ठेवायचे. त्याचा शब्द घरात घ्यायचा आणि त्याला बाहेर ठेवायचे. संवादाचे साधन म्हणून एक अख्खा समाज वापरला गेला आणि त्या समाजाला स्वतःचा निरोप मात्र कुठेही सांगता येत नव्हता.

म्हणून ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' पाक्षिक सुरू केले, ती आपल्या समाजाच्या संवादाच्या इतिहासातली फार मोठी घटना आहे. राजर्षी शाहू महाराजांनी त्याला आर्थिक मदत केली. दुसऱ्यांचे निरोप शतकानुशतके वाहणाऱ्यांनी आपला निरोप छापला. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' आले. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात, ही कामे ज्याच्या आधारे लादली जात त्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक आणले. या वेठीतून माणसे मोकळी व्हावीत म्हणून. ती वतने प्रत्यक्षात नष्ट करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. एक छापील कागद आणि एक कायदा, ही दोन्ही एकाच लढ्याची अंगे होती. बोलायचा हक्क आणि दुसऱ्याचे ओझे नाकारायचा हक्क वेगवेगळे मिळत नाहीत. आजही एखाद्या समाजाची पारख करायची तर मी आधी हेच पाहतो की तिथे कोण बोलते आहे, कोण फक्त वाहून नेते आहे आणि कोणाचे ऐकलेच जात नाही.

माझ्या लहानपणी गावात निरोप आणणारा माणूस म्हणजे पोस्टमन. आजीला अक्षरओळख नव्हती. पोस्टमनमामा पत्र देत आणि पायरीवर बसून वाचूनही दाखवत. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू असे. मरणाच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे. ते कार्ड घरात ठेवत नसत, वाचून झाले की बाहेरच फाडून टाकत. कोपरा फाटलेले कार्ड हातात असले की मामा आधी पाणी मागत, घरी कोण कोण आहे विचारत, जेवणे झाली का विचारत. "जेवून घ्या, मंग वाचतो," म्हणत. त्या एका वाक्यावरून आजीला काय ते कळे, तरी ती जेवे, कारण पुढचा दिवस कसा जाणार हेही तिला कळलेले असे. टपाल खात्याच्या कोणत्या नियमात हे बसत होते मला माहीत नाही. पण मजकूर पोचवणे आणि माणसाला तो मजकूर पेलता येईल अशा तऱ्हेने पोचवणे यातला फरक मी त्या पायरीवर शिकलो. तो माणूस केवळ वाहक नव्हता. आपल्या हातातल्या कागदाने समोरच्या घरात काय होणार आहे याची त्याला जाण होती, आणि त्या जाणिवेतून तो वागत होता.

निरोप वाहणाऱ्याची ताकद किती असते हे १९४२ ने विदर्भाला दाखवले. १४ जुलैला वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने ठराव केला, ऑगस्टच्या सुरुवातीला मुंबईत 'छोडो भारत'ची घोषणा झाली, ९ तारखेला सगळे मोठे नेते तुरुंगात होते. वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी झाली. तरीही १६ ऑगस्टला आमच्याच जिल्ह्यातल्या आष्टीत आणि चंद्रपूरकडच्या चिमुरात लोक उठले. त्या खेड्यांत वर्तमानपत्र वाचणारे थोडे होते. पण तुकडोजी महाराजांची खंजिरी त्यांनी ऐकली होती. महाराजांची भजने माणसे तोंडपाठ म्हणत आणि एका गावातून दुसऱ्या गावात नेत. सरकारने महाराजांना तुरुंगात टाकले, पण ज्या भजनाचे वाहक हजारो आहेत त्याला तुरुंगात कसे टाकणार? ते भजन म्हणणारा प्रत्येक जण त्याचा अर्थ स्वतःवर घेत होता आणि पुढे येणारे परिणामही. आष्टी-चिमूरच्या लोकांनी ते भोगले.

बोलणारा, वाहणारा आणि ऐकणारा हे तिघे एकाच ठिकाणी जमले तर काय घडते याचा सर्वांत सुंदर दाखला मला १९३२ सालच्या धुळ्याच्या तुरुंगात सापडतो. विनोबा तिथे कैदी होते. सोबतच्या कैद्यांनी त्यांना गीतेवर बोलायला सांगितले. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक अध्याय, अशी अठरा प्रवचने झाली. ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते आणि ते सारे उतरवून घेत होते. विनोबा झरझर बोलत, पण त्यांचे मराठी साधे होते. गुरुजींचा हात वेगाने चाले, पण त्यांचे मन त्याहून तत्पर होते. एकाने मनापासून सांगितले, दुसऱ्याने जीव ओतून ऐकले आणि ऐकलेले इमानाने लिहिले. 'गीता प्रवचने' हे पुस्तक असे जन्मले आणि कितीतरी भाषांत गेले. तिथे ना ध्वनिवर्धक होता, ना ध्वनिमुद्रण. त्या पुस्तकावर नाव एकाचे असले तरी मी ते दोघांचे पुस्तक मानतो.

याच विनोबांच्या वाट्याला पुढे उलटा अनुभव आला, आणि तो आमच्या अगदी जवळ, पवनारला. धाम नदीच्या काठी त्यांचा आश्रम. २५ डिसेंबर १९७४ रोजी त्यांनी वर्षभराचे मौन घेतले. मौन घेण्याची वर्ध्याला सवय होती; गांधीजींचे सोमवारचे मौन इथल्या माणसांनी पाहिले होते. त्या दिवशी ते चिठ्ठ्यांवर लिहीत, आणि बोलणे थांबल्यामुळे ऐकणे वाढत असे. विनोबांचे मौन चालू असतानाच जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. देश विचारू लागला, विनोबा काय म्हणतात? आणि त्या मौनातून 'अनुशासन पर्व' हे दोन शब्द बाहेर पडले. महाभारतातल्या एका पर्वाचे नाव. सरकारने ते उचलले. आकाशवाणीवरून, भिंतींवरून, फलकांवरून ते देशभर गेले आणि आणीबाणीला विनोबांचा आशीर्वाद आहे असा अर्थ घराघरांत पोचला. २५ डिसेंबर १९७५ रोजी मौन सुटल्यावर विनोबांनी आपला आशय सांगितला: शासन सत्तेचे असते, अनुशासन आचार्यांचे. पण तोवर त्या शब्दांनी आपले काम केले होते. खुलाशाला आकाशवाणीचे तेवढे बळ कुठून मिळणार?

पुढच्याच वर्षी, जून १९७६ मध्ये, पवनारच्या ब्रह्मविद्या मंदिरातल्या भगिनी चालवत असलेल्या 'मैत्री' मासिकाच्या प्रती पोलिसांनी जप्त केल्या. गोहत्याबंदीसाठी विनोबांनी उपोषणाचा संकल्प जाहीर केला होता, तो त्या अंकात होता. बारा महिन्यांच्या आत एकाच माणसाचे दोन शब्द सरकारने देशभर पोचवले आणि त्याच माणसाचे एक निवेदन आश्रमाच्या दाराबाहेर पडू दिले नाही. विनोबांच्या चाहत्यांतही त्या काळाबद्दल मतभेद आहेत. त्यांनी आणखी स्पष्ट बोलायला हवे होते असे मानणारे पुष्कळ आहेत, आणि मी त्यांच्यातला एक आहे. पण त्या प्रसंगातून मी घेतलेला धडा वेगळा आहे. वाहक एकच असला, आणि तो सत्तेच्या हातात असला, तर शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याचा उरत नाही. म्हणून समाजात निरोप वाहणारे अनेक हवेत, स्वतंत्र हवेत आणि भीती न बाळगणारे हवेत.

आज वाहक अनेक झाले आहेत. खरे तर सगळेच झाले आहेत. मग सारे ठीक व्हायला हवे होते. ते झाले नाही. ज्या धुळ्याच्या तुरुंगात रविवारी प्रवचने झाली, त्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, पाच माणसांना जमावाने ठार मारले. तोही रविवार होता. ती माणसे नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. मुले पळवणारी टोळी आल्याचे संदेश त्या दिवसांत मोबाइलवरून फिरत होते. ते कोणी लिहिले हे वाचणाऱ्या कोणालाच माहीत नव्हते. पाठवणाऱ्या प्रत्येकाने फक्त पुढे ढकलले. ग्रामपंचायतीच्या कचेरीत, जिथे गावाने बसून बोलायचे, तिथे त्या पाच जणांना मारले गेले. त्यांना कोणी काही विचारले असते आणि ऐकले असते, तर ते आज जिवंत असते.

मला या घटनेतली एक गोष्ट विसरता येत नाही. डवरी गोसावी, वासुदेव, जोशी, बहुरूपी ही भटकी माणसे म्हणजे आपल्या खेड्यांचे सर्वांत जुने निरोपे. ते दारावर येत, गात, आशीर्वाद देत, चार गावांच्या गोष्टी पाचव्या गावात सांगत. त्यांना दाणे घालताना आपले आजी-आजोबा त्यांना नावाने हाक मारत. अनोळखी माणसाचे ऐकून घ्यायची सवय या माणसांनी समाजाला लावली होती. नवा निरोप्या हाती आल्यावर समाजाने जुन्या निरोप्यालाच मारले. राईनपाड्यानंतर व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि जानेवारी २०१९ पासून ती जगभर लागू केली. जगातल्या माणसांच्या अंगठ्यावर जे बंधन आले, त्यात एका आदिवासी पाड्यावर सांडलेल्या रक्ताचाही वाटा आहे. समाज साधनाला घडवतो, पण ते घडवणे इतक्या भयंकर किमतीने व्हावे का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारलाच पाहिजे. शिवाय पाचाची मर्यादा वेग कमी करते. सद्‌बुद्धी ती देऊ शकत नाही. ती माणसानेच आणायची असते.

सिंदी मेघेत राहताना हा विचार मला रोज भेटतो. इथे कपाशीच्या वावरांत ले-आऊट पडले आणि त्यात यवतमाळचे, चंद्रपूरचे, गडचिरोलीचे, कुठले कुठले लोक येऊन राहिले. कोणी नोकरीसाठी, कोणी मुलांच्या शिक्षणासाठी, कोणी निवृत्त होऊन. आमचा पत्ता शहराचा वाटतो, कारभार ग्रामपंचायतीचा आहे. एका भिंतीपलीकडच्या माणसाचे नाव माहीत नसते; त्याचा फोन नंबर मात्र ले-आऊटच्या ग्रुपवर असतो. नळाला पाणी कधी येणार, कचऱ्याची गाडी का आली नाही, कोणाची गाय सुटली, हे तिथेच कळते. टाळेबंदीच्या काळात याच ग्रुपवरून औषधे पोचली, एकट्या म्हाताऱ्यांना डबे पोचले. ज्या साधनाने राईनपाडा घडवला त्याच साधनाने आमच्याकडे शेजार घडवला. फरक साधनात नव्हता. डब्याच्या संदेशाखाली नाव होते, घर क्रमांक होता, आणि उत्तर देणारा माणूस दारात उभा राहणार होता.

सेवाग्रामच्या किंवा सावंगीच्या दवाखान्यात कोणाला रक्त हवे असते. संदेश येतो. चांगली माणसे तो लगेच पुढे पाठवतात. त्यात तारीख नसते. रुग्ण बरा होऊन घरी जातो, किंवा जात नाही, आणि संदेश महिनोन्‌महिने फिरत राहतो. घरच्यांचा फोन वाजत राहतो. ज्या घरात माणूस गेला आहे त्या घरी "रक्त पाहिजे होतं ना तुम्हाले?" असे विचारणारा फोन यावा, यासारखे क्रौर्य नाही, आणि ते करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात केवळ दया असते. पोस्टमनमामा हे कधीच होऊ देत ना. त्यांच्या हातातला निरोप एकाच घरासाठी असे, आणि त्या घरात काय चालले आहे हे पाहिल्याशिवाय ते तोंड उघडत नसत.

संवाद आणि समाज एकमेकांना घडवतात, हे विधान मोठे आहे. मला ते निरोप्याच्या रूपात समजते. समाज आपल्या निरोप्याला कसे वागवतो, त्याला अंगणाबाहेर ठेवतो की पायरीवर बसवून पाणी देतो, यावर त्या समाजाची माणुसकी ठरते. आणि निरोप्या आपल्या हातातल्या मजकुराशी कसा वागतो, यावर त्या समाजाचे सुख आणि सुरक्षितता ठरते. पूर्वी हे काम थोड्यांचे होते. काहींवर ते लादले गेले होते, काहींनी ते व्रत म्हणून घेतले होते. आता ते आपल्या सगळ्यांवर आले आहे. शाळकरी पोरापासून निवृत्त मास्तरांपर्यंत प्रत्येकाच्या हातात टपालाची थैली आहे, आणि ती वाहायला उन्हात चालावे लागत नाही. चालावे लागत नाही म्हणून विचार करायला वेळही मिळत नाही. तो वेळ आता आपणच काढला पाहिजे.

त्यासाठी फार मोठे काही करावे लागणार नाही. पुढे पाठवण्याआधी तो मजकूर एकदा मोठ्याने वाचावा. कोणी लिहिला आहे, कधी लिहिला आहे, हे पाहावे. ज्याच्याबद्दल लिहिला आहे तो माणूस समोर बसलेला असता तर आपण हे म्हटले असते का, हे स्वतःला विचारावे. आपण पाठवलेले खोटे निघाले तर जिथे जिथे पाठवले तिथे तिथे जाऊन तसे सांगावे. ग्रामसभेची सूचना आली की जावे, आणि तिथे आपल्याला न पटणारे बोलणाऱ्याचे वाक्य पुरे होऊ द्यावे. दारावर अनोळखी माणूस आला तर आधी त्याला त्याचे गाव विचारावे. मुलांना फोन देताना हेही शिकवावे.

वाचकहो, तुमचे गाव कोणतेही असो, निरोप तुमच्याही हातून रोज जातो आहे. ज्या मजकुराखाली तुम्हाला स्वतःचे नाव, गाव आणि तारीख लिहिता येणार नाही, तो पुढे पाठवू नका.